चपलेचं नाव एलएलपीत, कारखाना कंपनीत: वर्षभर चालवल्यावर

चपलेच्या धंद्याची ही मांडणी साधी आहे. ट्रेडमार्क आणि लोगो एलएलपीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेच्या नावावर. चामडं, कारागीर, दुकान, उधारी सगळं प्रायव्हेट लिमिटेडकडे. कंपनी रॉयल्टी भरते आणि नाव वापरते. कंपनीवर वसुली आली किंवा भावाभावांत वाटण्या झाल्या तरी नाव शाबूत राहतं.

'कोल्हापुरी चप्पल' हे नाव मात्र यात घालता येत नाही. ते 2019 सालचं जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, महाराष्ट्राचं चर्मोद्योग महामंडळ लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार यांच्या नावे. कायद्यानेच ते लायसन्सवर देता येत नाही की गहाण टाकता येत नाही. चप्पल बनवणाऱ्या कंपनीने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची. कापशी या पारंपरिक कोल्हापुरी प्रकाराचा घाटही नवा नाही, म्हणून डिझाइन नोंदणी मिळत नाही. उरतं तुमचं स्वतःचं नाव, ट्रेडमार्कच्या वर्ग 25 मध्ये (कपडे, पादत्राणं).

जुना मार्क मालकाच्या नावे असेल तर असाइनमेंट डीड (हस्तांतरणाचा दस्त) करून मालकीबदलाचा टीएम-पी फॉर्म भरायचा. डीडमध्ये गुडविलसह (धंद्याच्या नावलौकिकासह) असं स्पष्ट लिहा, नाहीतर रजिस्ट्रारच्या निर्देशांचा वेगळा फेरा मागे लागतो. लायसन्स करारात दर्जाची अट नुसती 'उत्तम प्रत' म्हणून भागत नाही. तळाची जाडी, बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, शिलाई हे लिहून, दोघांच्या सहीचा एक नमुना जोड एलएलपीकडे ठेवावा.

खरी मेख जीएसटीत. 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडावर आता 5 टक्के, रॉयल्टीवर 18. 3 टक्के रॉयल्टी म्हणजे शंभराच्या विक्रीमागे 54 पैसे कर. एवढ्याने बिघडत नाही, पण दुकानभाडं, कुरिअर, जाहिरात यांचे 18 टक्के त्यात मिळाले की क्रेडिट (खरेदीवर भरलेला, विक्रीच्या करातून वजा होणारा जीएसटी) तुंबायला लागतं. सेवांवरच्या क्रेडिटचा परतावाही नाही. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं, आणि खटलाही चप्पल कंपनीचाच, व्हीकेसी फुटस्टेप्स. उपाय एकच: एलएलपीची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत ठेवा, तिला जीएसटी नोंदणीच लागत नाही. रॉयल्टी देताना कंपनीला टीडीएस 10 टक्के कापावाच लागतो, एलएलपीच्या आयकर रिटर्नमध्ये तो जुळतो.

बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) शेवटच्या पानापर्यंत वाचा. कंपनीला कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) देताना एलएलपीची हमी मागतात. ती दिलीत की नाव आणि कर्ज यांच्यातली सगळी भिंत जमीनदोस्त. त्यापेक्षा भागीदारांची वैयक्तिक हमी देऊन घासाघीस करा. कर्ज थकल्यावर नाव घाईने हलवून उपयोग नाही. दिवाळखोरीत आपल्याच माणसांशी झालेले मागच्या दोन वर्षांचे व्यवहार उकरले जातात.

एकच दुकान आणि एकच मालक असेल तर हे करू नका. शून्य व्यवहार असला तरी एलएलपीला 30 मेपर्यंत फॉर्म 11 (वार्षिक विवरण) आणि 30 ऑक्टोबरपर्यंत फॉर्म 8 (हिशेबाचं विवरण) चुकत नाही.