गुडघ्यातलं इंजेक्शन: नऊ महिन्यांनी

पहिलं इंजेक्शन 27 ऑगस्ट 2024 ला घेतलं, गणपतीच्या अकरा दिवस आधी. मुहूर्त मुद्दामच धरला होता. मालगुंडात आमचं घर उतारावर, खळ्यातून विहिरीपर्यंत चिऱ्याच्या एकतीस पायऱ्या. चढताना निभायचं, उतरताना उजवा गुडघा जीव काढायचा. वय 62, बारा वर्षं मधुमेह.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आधी सांध्यातलं पाणी काढलं. फिकट पिवळं, गोडेतेलासारखं. मग ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची कुपी हलवली, तशी तळाला बसलेला साका वर येऊन औषध दुधासारखं झालं. सगळी गंमत त्या साक्यात. विरघळलेलं औषध सांध्यात फार वेळ टिकत नाही, काही तासांत रक्तात निघून जातं. हे कण सावकाश विरघळतात. बारीक मीठ कैरीला लावताच विरतं, खडेमीठ बरणीच्या तळाशी बसून राहतं, तसं.

दुखणं तिसऱ्या दिवशी उतरलं. पण दुसऱ्याच दिवशी उपाशीपोटी साखर 274! एरवी 130 च्या आसपास. मोदकाचं सारण तर अजून परतायचंही होतं. स्टिरॉइडने साखर चढते हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? खाली यायला पाच दिवस गेले. मधुमेह असेल तर आपणच विचारावं.

गौर आणायला मात्र विहिरीवर मी स्वतः उतरले, कठड्याला हात न लावता. दसऱ्यापर्यंत छान चाललं. दिवाळीत चकल्या पाडायला खाली बसले आणि उठताना कळलं, संपलं औषध.

लगेच दुसरं द्या म्हटलं तर डॉक्टरांनी तीन महिने थांबायला लावलं. मुलाने 2017 सालचा एक अमेरिकन अभ्यास वाचून दाखवला: दोन वर्षं दर बारा आठवड्यांनी काहींना हेच औषध 40 मिलिग्रॅम दिलं, काहींना नुसतं सलाइन. औषधवाल्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत अस्तर, जास्त झिजली, आणि दुखण्यात म्हणावा असा फरक नाही. त्यानंतर माझी घाई ओसरली.

त्याच वर्षी तिकडे झिलरेटा नावाचं इंजेक्शन मंजूर झालं. त्यात हेच औषध 32 मिलिग्रॅम, पण ऑपरेशननंतर घालतात त्या विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या पॉलिमरच्या सूक्ष्म मण्यांत कोंडलेलं. मणी झिजतील तसं औषध बाहेर पडतं, त्यामुळे रक्तात एकदम लोंढा जात नाही आणि मधुमेहींची साखरही कमी उसळते. माझ्यासारखीला तेच हवं होतं, पण आमच्या डॉक्टरांकडे ते नव्हतं.

दुसरं साधंच घेतलं, मार्चच्या सुरुवातीला, आंब्याच्या पेट्या भरायच्या म्हणून. साखरेच्या गोळ्यांचं या वेळी आधीच ठरवून घेतलं. आराम जेमतेम पाच आठवडे; वाशीला निम्मा माल जायचा होता तेव्हाच कुरकुर सुरू झाली. तिसरं इतक्यात नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायचा व्यायाम रोज चालू आहे, आणि विळीवर बसणं बंद. नारळ आता ओट्यावर उभ्यानेच खवते.