आयव्हीएफचे १४ महिने आणि साडेनऊचं इंजेक्शन

मार्चमध्ये बीटा (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आला त्याच संध्याकाळी मी या सेंटरबद्दल लिहायला घेतलं होतं. पाचपैकी एक तारा देऊन मोकळी होणार होते. बरं झालं, तेव्हा पूर्ण केलं नाही.

मी ३६ वर्षांची, नवरा ३९ चा. राहायला कऱ्हाडला, सेंटर पुण्यातलं. एएमएच, फॉलिक्युलर स्टडी, इक्सी म्हणजे काय ते सांगत बसत नाही. हे वाचायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना ते शब्द पाठ असतात.

पैशाचं मात्र आधीच सांगते, कारण ते कुणी नीट सांगत नाही. पॅकेज १,७०,००० रुपयांचं, पण त्यात इंजेक्शनं धरलेली नसतात. आमची पहिल्या सायकलची इंजेक्शनं ७८,००० ची झाली आणि दुसऱ्या सायकलची १,१२,००० ची. या दोन आकड्यांमधले ३४,००० कुठे गेले, ते मला या मे महिन्यात कळलं. हा अनुभव मुख्यतः त्या ३४,००० बद्दलच आहे.

पहिली सायकल गेल्या वर्षी गौरींच्या दिवसांत आली. १३ फॉलिकल्स, म्हणजे अंडी वाढतात त्या पिशव्या, दिसत होते आणि सेंटरचे डॉक्टर, आमचे सर, खूश होते. अंडी पिकवणारं ट्रिगरचं इंजेक्शन रात्री साडेनऊला घ्यायचं, एग पिकअप म्हणजे अंडी बाहेर काढणं परवा सकाळी साडेनऊला, मध्ये बरोबर ३६ तास. सिस्टरनी कार्डावर वेळ लिहून तिच्याभोवती लाल पेनाने गोल केला होता.

आमच्याकडे उपचारांचं कुणालाच माहीत नव्हतं, सासूबाईंनाही नाही. इंजेक्शन फ्रिजमध्ये, गौरीजेवणाच्या सोळा भाज्यांच्या गर्दीत, कोथिंबिरीच्या डब्यामागे ठेवलं होतं. हळदीकुंकवाला बायका येत होत्या. साडेनऊला मी ओट्याशी उभी होते, दहाला चुलत सासूबाईंच्या सुनेला फराळ वाढत होते. वरच्या खोलीत जायला सबब सापडेना. सगळं पांगून नवऱ्याने सुई टोचली तेव्हा पावणेबारा झाले होते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. "ताई, साडेनऊलाच घेतलं ना?"

"हो," म्हणाले. कार्डावरही ९.३० लिहिलं.

सव्वादोन तासांनी काय होणार, असं वाटलं. तेव्हा मी ते खोटंही धरलं नव्हतं. गोळी थोडी उशिरा घेतली तर आपण डॉक्टरांना थोडंच सांगतो.

पिकअपला १३ फॉलिकल्समधून ५ अंडी मिळाली. त्यातली पक्व २ आणि फर्टिलाइज झालं १. तिसऱ्या दिवशी ट्रान्सफर केलं, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडला, ते निगेटिव्ह आलं. सरांनी फाइल पाहिली आणि म्हणाले, "शरीराने प्रतिसाद कमी दिला, अंड्यांची क्वालिटीही थोडी... पुढच्या वेळी डोस वाढवू. नाहीच जमलं तर डोनर एगचा विचार करावा लागेल." घरी येताना स्वारगेटपासून कऱ्हाडपर्यंत आम्ही दोघं एसटीत एक शब्द बोललो नाही. "डोनर", म्हणजे दुसऱ्या बाईची अंडी, या शब्दाने माझं चार महिने खाणं गेलं.

जानेवारीत दुसरी सायकल, वाढीव डोसवर. या वेळी पुण्यात खोली घेऊन राहिलो. ट्रिगर घड्याळ बघून घेतलं. अंडी १७ मिळाली, पक्व १३. पण पोटात पाणी झालं, श्वास लागला, तीन दिवस ॲडमिट राहावं लागलं. ताजं ट्रान्सफर रद्द करून ३ ब्लास्टोसिस्ट, म्हणजे ५ व्या दिवसापर्यंत वाढलेले भ्रूण, गोठवले. त्यातला एक मार्चमध्ये सोडला. निगेटिव्ह.

इथून माझी खरी तक्रार सुरू होते, आणि ती आजही कायम आहे. दीड वाजताची अपॉइंटमेंट होती, आत गेलो सव्वातीनला, आणि चार मिनिटांत बाहेर. "भ्रूण चांगला होता, गर्भाशयाचं अस्तर चांगलं होतं. कधीकधी नशीब साथ देत नाही." हातात नवीन कागद: पुढच्या ट्रान्सफरला एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग (त्या अस्तरावर ओरखडे काढणं) आणि इंट्रालिपिडची, म्हणजे स्निग्ध द्रावाची, सलाइन, जादा ६५,०००.

नशीब हे कारण असेल तर ६५,००० कशाचे? मी रात्रभर शोधलं. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच देशांतल्या १३६४ स्त्रियांवरचा अभ्यास आला आहे: निम्म्यांना स्क्रॅचिंग केलं, निम्म्यांना नाही. दोन्ही गटांत मूल झाल्याचं प्रमाण तेच, २६.१ टक्के. इंग्लंडमध्ये तर अशा जादा उपचारांना सरकारी नियामक संस्था रंगांचे शेरे देते आणि इंट्रालिपिडला तिथे लाल शेरा मिळाला होता. आपल्याकडे २०२१ चा एआरटी कायदा आहे. यशाची शक्यता किती हे जोडप्याला समुपदेशनात सांगायचं बंधन त्याने सेंटरवर घातलंय. आमचं समुपदेशन म्हणजे अकरा सह्या होत्या.

मग मी एम्ब्रियोलॉजी रिपोर्ट, म्हणजे लॅबमध्ये आपल्या अंड्यांचं आणि भ्रूणांचं काय झालं त्याची नोंद, मागितला. रिसेप्शनवर सांगितलं, "तो लॅबचा अंतर्गत असतो." तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीला प्रवासाचे आणि बुडालेल्या रजेचे मिळून हजारेक रुपये गेले. शेवटी लेखी अर्ज दिला, त्यावर पोच घेतली, तेव्हा मिळाला. दोन पानांचा कागद. त्यासाठी महिना. त्या महिन्यासाठी मी एक तारा कापला आहे आणि तो परत देणार नाही.

हे इतकं ताणून सांगते कारण त्या दोन पानांवरच सगळं असतं. भ्रूण रोज डोळ्यांनी बघणारा माणूस एम्ब्रियोलॉजिस्ट, आणि आपली त्याच्याशी कधी भेटच होत नाही. १९७८ ला जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा, लुईस ब्राउनचा भ्रूण विभागताना पहिल्यांदा पाहिला तो जीन पर्डी यांनी, आणि हॉस्पिटलवरच्या फलकात कित्येक वर्षं त्यांचंच नाव नव्हतं. लॅबमधला माणूस दिसत नाही, ही रीत जुनी आहे म्हणायची.

मे महिन्यात तो कागद घेऊन आम्ही एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातल्या मॅडमकडे गेलो. फी ६०० रुपये, वेळ पन्नास मिनिटं. त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. फर्टिलाइज झालेल्या भ्रूणांपैकी बरेचसे पाचव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत, हे अपयश नसून गणितच तसं असतं. आणि दिसायला उत्तम भ्रूणही रुजत नाही, याचं सगळ्यात मोठं कारण गुणसूत्रांची संख्या चुकलेली असणं. मायक्रोस्कोपखाली ते दिसत नाही आणि पस्तिशीनंतर त्याचं प्रमाण वाढत जातं. "मार्चच्या वेळी तुम्ही जिना चढलात म्हणून किंवा पपई खाल्लीत म्हणून झालं नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला रडू आलं. मी खरंच जिना मोजत होते.

मग त्यांनी पहिल्या सायकलचं पान पुढे ओढलं. "दुसऱ्या वेळी सतरापैकी तेरा पक्व, आणि पहिल्या वेळी तेरा फॉलिकल्समधून पाचच अंडी, त्यात पक्व दोन. हे एकाच बाईचे आकडे वाटत नाहीत. ट्रिगरच्या वेळेचं काही झालं होतं का?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. नऊ महिन्यांनी, पहिल्यांदाच, कुणाला तरी.

त्या ओरडल्या नाहीत. कागदावर घड्याळ काढलं. ट्रिगरने अंड्याची शेवटची पिकण्याची क्रिया सुरू होते. ते आपली अर्धी गुणसूत्रं बाहेर टाकतं आणि फॉलिकलच्या भिंतीपासून सुटं होतं. त्याला साधारण ३६ तास द्यायचे असतात. माझ्या अंड्यांना पावणेचौतीस मिळाले. काही भिंतीला चिकटून राहिली असणार, काही कच्ची निघाली. कच्च्या अंड्यात इक्सी, म्हणजे सुईने शुक्राणू आत सोडणं, करता येत नाही. "शंभर टक्के हेच, असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी ९.३० वाचून निष्कर्ष काढला की शरीरच कमी पडतंय. म्हणून डोस वाढला, म्हणून पोटात पाणी झालं."

म्हणून ३४,००० जास्त. म्हणून "डोनर".

निघताना त्यांनी नवऱ्यालाही विचारलं, "फॉर्मवर तंबाखू 'नाही' लिहिलंय. खरंच नाही?" याच्या खिशात चुन्याची डबी होती. तो मान खाली घालून म्हणाला, "दिवसातून पाच-सहा वेळा." शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे आज सोडली तर त्याचा हिशोब तिथून पुढे धरायचा, असं त्यांनी सांगितलं. त्याने डबी तिथल्याच कचऱ्याच्या बादलीत टाकली. मध्ये दोनदा घसरला, ते त्याने मला स्वतःहून सांगितलं.

जूनमध्ये परत पुण्याला, आमच्याच सरांकडे गेलो. सेंटर बदलायचं ठरत होतं, पण भ्रूण तिथेच गोठवलेले, वर्षाचं भाडं १५,००० भरलेलं. मी बसल्या बसल्या सांगितलं, "सर, पहिल्या वेळी ट्रिगर पावणेबाराला घेतलं होतं. मी खोटं लिहिलं."

सर बराच वेळ फाइल बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, त्याच रात्री फोन केला असता तर मी पिकअप दोन तास पुढे ढकललं असतं. फक्त तेवढंच करायचं होतं."

हे वाक्य मी रोज आठवते. एक फोन.

मीही म्हणाले, "सर, मार्चमध्ये तुम्ही नशीब म्हणालात. गुणसूत्रांचं सांगितलं असतं तर मी तीन महिने स्वतःला दोष दिला नसता. आणि ६५,००० चं काय?" त्यांना ते लागलं, दिसत होतं. म्हणाले, पेशंट आकडे ऐकून घाबरतात म्हणून आम्ही बोलत नाही. जादाचे उपचार त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले. एम्ब्रियोलॉजिस्टना खाली बोलावून घेतलं. वीस मिनिटं त्या आमच्याशी बोलल्या, उरलेल्या दोन भ्रूणांचे फोटो दाखवले, कोणता आधी सोडायचा आणि का, ते समजावलं. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर सरांनी लिहिलं: "प्रतिसाद चांगला. पहिल्या सायकलवरून निष्कर्ष काढू नये." डोनरचा शेरा खोडून बाजूला सही केली.

म्हणून एकाचे तीन तारे झाले. रिपोर्टचा कापलेला तसाच आहे, आणि पाचवा मी निकालासाठी राखून ठेवलेला नाही. तो दीड वाजताच्या अपॉइंटमेंटला सव्वातीनला बोलावण्याबद्दल गेला आहे.

या महिन्याच्या शेवटी ट्रान्सफर आहे. जुलैत सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पहिल्यांदा एवढंच म्हणाल्या, "गौरीच्या रात्री मला सांगितलं असतंस तर मी सगळ्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं गं." सध्या प्रोजेस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन चालू आहे, रोज रात्री नऊला. त्याच्या गाठी होतात, दुखतात. पावणेनऊला सासूबाई गरम पाण्याची पिशवी भरून वर येतात आणि कार्डावरची वेळ त्याच लिहितात. काल ९.१० झाले होते. त्यांनी ९.१० लिहिलं.