पुण्यात नळ स्टॉपजवळचं मुलांचं मानसोपचार क्लिनिक: ओसीडीसाठी (नको ते विचार अडकून बसतात आणि तेच तेच करावंसं वाटतं तो आजार) आमचा अनुभव

मुलगा 10 वर्षांचा, पाचवीत. दिवाळीनंतर हात धुणं सुरू झालं ते थांबेचना, बोटांच्या बेचक्यात भेगा पडून रक्त यायला लागलं. सासूबाई म्हणायच्या सोवळ्यातलं पोर आहे हो, आम्हालाही आधी कौतुकच वाटलं. मग झोपताना दाराची कडी चारदा बघायची आणि "आई, बाबा गाडीवरून नीट येतील ना, नक्की सांग" हे वीस-वीस वेळा. एका ठिकाणी दाखवलं तर लाड कमी करा एवढंच सांगितलं, त्यात तीन महिने गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

इथे मॅडमनी पहिल्याच भेटीत सव्वा तास दिला. त्याला म्हणाल्या, नको ते विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतात, तुझ्या डोक्यात ते अडकून बसतात. तर हा माझ्याकडे वळून, "म्हणजे मी वेडा नाही ना?" इतके दिवस हे पोटात घेऊन फिरत होता पोरगा.

आजार किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या 10 प्रश्नांच्या तक्त्यात 40 पैकी 22 आले, म्हणजे मध्यम. गोळ्या लगेच नाहीत, आधी ईआरपी थेरपी, म्हणजे भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं पण धुणं-तपासणं करायचं नाही. भीतीची शिडी करायची, सगळ्यात सोप्या पायरीपासून सुरुवात, दाराच्या कडीला हात लावायचा आणि 2 मिनिटं धुवायचा नाही, मग 5, मग 10, भीती आपली आपण उतरते हे त्याला स्वतःला कळेपर्यंत. आजाराला नाव ठेवायला सांगितलं, त्याने ठेवलं किरकिऱ्या.

पण खरा गृहपाठ आम्हाला होता. "हो रे, येतील बाबा" हे आमचं उत्तरच किरकिऱ्याला पोसत होतं, मुलाला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि पाच मिनिटांत परत तेच. ते उत्तर द्यायचं नाही म्हणजे काय असतं हे रडणाऱ्या पोरासमोर बसल्याशिवाय कळत नाही, पहिला आठवडा मीही बाथरूममध्ये जाऊन रडले. सासूबाईंनाही एका सेशनला बोलावलं, ते फार बरं केलं.

14 सेशननंतर 22 चे 11 झालेत. परीक्षा आली की किरकिऱ्या डोकं वर काढतो, पण यंदा शाडूचा गणपती केला आणि एकदाच हात धुऊन जेवायला बसला.

फी 45 मिनिटांचे 1500, आमच्या इन्शुरन्सने दिले नाहीत. रिसेप्शनवर मुलांची नावं मोठ्याने पुकारतात ते बंद करा प्लीज, टोकन द्या. संध्याकाळची वेळ महिनाभर मिळत नाही, तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.