कोलोन कॅथेड्रल : दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या

जर्मनीतील कोलोनचे कॅथेड्रल पाहायला येणारे बरेच जण आतला भाग पाहून परततात. दक्षिण मनोऱ्यासाठी वेगळे तिकीट आहे आणि लिफ्ट नाही, हे कळल्यावर अनेकांचा विचार बदलतो. माझ्या मते मात्र ही वास्तू खऱ्या अर्थाने उलगडते ती त्या ५३३ पायऱ्या चढतानाच.

चढण दमवणारी आहे. दगडी चक्राकार जिना अरुंद असून चढणारे आणि उतरणारे त्याच वाटेने जातात, त्यामुळे समोरून माणसे आली की भिंतीला टेकून थांबावे लागते. गुडघेदुखी, श्वसनाचा विकार किंवा बंदिस्त जागेची भीती असलेल्यांनी हा बेत करू नये.

सुमारे ५३ मीटर उंचीवर घंटाघर लागते आणि संपूर्ण भेटीतला सर्वांत मोलाचा थांबा मला हाच वाटला. पहिल्या महायुद्धात वितळवलेल्या जुन्या घंटेच्या जागी १९२३ साली ओतलेली, सुमारे २४ टन वजनाची सेंट पीटर घंटा येथे टांगलेली आहे. कोलोनकर तिला प्रेमाने ‘डिकर पिटर’, म्हणजे ‘जाडा पीटर’, म्हणतात. मध्ययुगीन बांधकामही साधारण याच पातळीपर्यंत आलेले होते. १२४८ मध्ये सुरू झालेले काम सोळाव्या शतकात थांबले आणि अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी यारी (दगड वर चढवणारी क्रेन) त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे तशीच उभी राहिली. १८४२ मध्ये काम पुन्हा हाती घेतले गेले, तेव्हा दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा, जो सुमारे पाव शतकापूर्वी दोन तुकड्यांत सापडला होता, तोच प्रमाण मानून १८८० मध्ये मनोरे पूर्ण करण्यात आले. ज्यांनी हे रेखाटले त्यांना ते कधीच पाहता आले नाही, हा विचार घंटाघराच्या वरच्या पायऱ्या चढताना माझ्या मनातून जात नव्हता.

सुमारे ९७ मीटरवरील सज्जातून ऱ्हाईन नदी आणि होहेनझोलर्न पूल दिसतो, परंतु सुरक्षेच्या जाळीमुळे छायाचित्रे मनासारखी येत नाहीत. केवळ शहराचा देखावा हवा असेल, तर नदीपलीकडच्या उंच इमारतीचा सज्जा अधिक सोयीचा, कारण तेथून खुद्द कॅथेड्रलही दिसते. येथे मान वर करून पाहावे ते शिखराकडे : १५७ मीटर उंचीपर्यंत निमुळते होत गेलेले ते दगडी जाळीकाम पोकळ आहे आणि त्यातून आकाश दिसते.

मनोरा सकाळी लवकर चढावा आणि आतला भाग नंतर, शक्यतो दुपारच्या सुमारास पाहावा. दक्षिण बाजूला जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी योजलेली, २००७ मध्ये बसवलेली खिडकी आहे. ७२ रंगांच्या अकरा हजारांहून अधिक काचेच्या चौकोनांमधून ऊन आत आले, की समोरचा करडा दगड काही वेळ रंगीत होतो.