नवतप्यात टर्बो की साधं पेट्रोल? इंजिनाच्या तापमानाचा हिशोब

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. मग गाडी घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो, टर्बो आपल्या उन्हात टिकेल का? टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंखा. टिकतो. पण त्याच्या काही अटी आहेत, आणि त्या खेड्यात पाळणं सोपं नाही.

बहुतेकांपुढे १.२ लिटरचं साधं पेट्रोल आणि १ लिटरचं टर्बो हेच दोन पर्याय असतात. दोन्हीत थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे वाट देणारी झडप, साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागते आणि चालत्या गाडीत कूलंट ९० ते १०० च्या आसपास राहतं. समृद्धीवर एका लयीत जाताना दोन्ही सारख्याच. समोरून भरपूर हवा मिळते.

फरक कळतो तो घाटात. परतवाड्याहून चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे ११०० मीटर उंचीवर, पाच माणसं आणि एसी घेऊन चढा. साध्या इंजिनाला खालच्या गिअरमध्ये ताणावं लागतं, आवाज वाढतो, पण तापमान सावकाश चढतं. टर्बो आरामात ओढतो. मात्र तेवढी ताकद काढायला छोट्या इंजिनात जास्त इंधन जळतं, वेग कमी म्हणून हवाही कमी, शिवाय रेडिएटरसमोर एसीची गरम जाळी (कंडेन्सर) आणि काही गाड्यांत टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलरही. आकडा १०५ पर्यंत गेला तर घाबरू नका. फॅन जोरात सुटतो आणि चढ संपला की आकडा लगेच उतरतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल, झाकण दाब धरत असेल, तर ते सुमारे १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. ११० ओलांडूनही चढतच राहिला तर मात्र एसी बंद करा आणि सावली बघून थांबा.

हा आकडा डॅशबोर्डवर दिसेलच असं नाही. अनेक गाड्यांत काटा ८० पासून १०५ पर्यंत मधोमधच उभा राहतो, काहींत नुसता निळा-लाल दिवा. टर्बो घेणाऱ्याने ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र, घ्यावाच. मोबाइलवर खरं तापमान दिसतं.

गाडी बंद केल्यावरची गोष्ट जास्त महत्त्वाची. पेट्रोल टर्बोतून जाणारा धूर जोरात ओढताना ९०० अंशांच्या घरात असतो. बहुतेकांत बेअरिंगभोवती तेल आणि कूलंट दोन्ही फिरतं. घाट चढून लगेच चावी फिरवली की दोन्ही थांबतं आणि ती उष्णता तिथेच मुरते. काही गाड्यांत बंद केल्यावरही चालणारा इलेक्ट्रिक पंप असतो. नसेल तर मिनिटभर इंजिन चालू ठेवा. साध्या इंजिनाला ही चिंता नाही.

आता पाण्याचं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं म्हणजे आतून क्षाराचा थर चढवणं. साधं इंजिनही त्याने खराब होतं, पण टर्बोकडे जाणारी कूलंटची नळी बारीक, ती लवकर तुंबू शकते. कूलंटची टाकी कमी दिसली आणि गावातल्या दुकानात कूलंट मिळालं नाही, तर निदान बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी टाका. सोयाबीनच्या काढणीत कुटार उडतं, जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू. हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, बाहेरून दिसत नाही. टर्बो असेल तर हंगाम संपल्यावर तिथे टॉर्च मारून बघा. फट भरली असेल तर हवेने उडवून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. गाव, वावर, तालुक्याचा बाजार एवढीच धाव आणि गाडी घरातले चार जण चालवणार असतील, तर साधं पेट्रोल घ्या. नागपूरच्या फेऱ्या नेहमीच्या, घाट किंवा भरलेली गाडी रोजची आणि चालवणारा एकच जण असेल, तर टर्बो घ्या. ओव्हरटेक करताना मिळणारी ताकद खरोखर उपयोगाची आहे. जुनी टर्बो बघायला गेलात तर इंजिन थंड असतानाच रिझर्व्ह टाकीचं झाकण उघडा. कूलंटला स्वच्छ रंग असावा. गढूळ, तांबूस पाणी दिसलं तर तो सौदा सोडा.