चाळिशीनंतर जेंबे: कोनाक्रीतल्या काही महिन्यांच्या शिकवणीचा अनुभव

जेंबे हा हाताने वाजवायचा पश्चिम आफ्रिकी ढोल शिकायची इच्छा असेल तर सुरुवात दुनुन या त्याच्या साथीच्या ढोलांपासून करा, असं मी आता कुणालाही सांगते. कामानिमित्त पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत, राजधानी कोनाक्रीला राहायला आले आणि चाळिशी उलटल्यावर हे वादन शिकायला घेतलं. तालाचं शिक्षण काहीच नव्हतं. लहानपणी आरतीला टाळ वाजवले असतील तेवढेच. आता बरेच महिने झालेत, मधे एक अख्खा पावसाळाही गेला.

जेंबे बहुतेकांनी पाहिलेला असतो: एकाच ओंडक्यातून कोरलेला, वर बकरीचं कातडं, दोरीने ताणलेला. दुनुन मात्र फोटोत मागे राहतात. हे दोन्ही तोंडांना गाईचं कातडं लावलेले नळकांड्यासारखे ढोल, काठीने वाजवायचे. मोठा दुनुन्बा, मधला सांगबान, धाकटा केंकेनी. गिनीतल्या कुरुसा शहराच्या आसपासच्या हामाना भागात, मालिंके लोकांच्या गावांत प्रत्येक ढोलावर लोखंडी घंटा बांधतात. वादकाचा एक हात ढोलावर, दुसरा घंटेवर. तिघांच्या ठोक्यांची मिळून एक चाल तयार होते, आणि ताल ओळखायचा तो त्या चालीवरून. जेंबेची साथ कितीतरी तालांत जवळपास सारखीच असते. कोणता ताल चाललाय हे सांगबान ऐकला की कळतं. म्हणून नुसता जेंबे शिकलेल्या माणसाला हात छान चालत असूनही आपण कुठे आहोत हे समजत नाही.

आपल्याकडून जाणाऱ्याला खरा अडथळा इथेच येतो. आपला कान सम शोधतो, आणि इथे समेवर कुणी जोर देऊन दाखवत नाही. ती नाचणाऱ्यांच्या पायात असते. माझे शिक्षक मात्रा मोजून शिकवत नाहीत. तोंडाने बोल म्हणतात, वाजवून दाखवतात, आणि मला जमेपर्यंत न कंटाळता तेच वाजवत राहतात. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते चालणं. खोलीत संथ चालायचं, पावलांवर ठेका ठेवायचा आणि हातातली घंटा वाजवायची. सोलीसारख्या तिस्र अंगाच्या तालात तर याला पर्यायच नाही. तिथे एका मात्रेतले तीन ठोके नेमके समान अंतरावर पडत नाहीत. वहीत लिहून घेतलं की तीच लय निसटते. मी लिहिणं सोडलं, फोनवर ध्वनिमुद्रण करते.

हातांबद्दल थोडक्यात. बास, टोन आणि स्लॅप असे तीन मूळ नाद. बास मधोमध तळव्याने, टोन कडेला बोटं जुळवून, स्लॅप कडेलाच पण बोटं सैल सोडून. स्लॅपला सर्वात जास्त वेळ लागतो. तो जोराने मारून येत नाही, हात मोकळा झाला की येतो. सुरुवातीला बोटांची मुळं सुजतात, तेव्हा विश्रांती घ्यावी. अंगठी काढावी आणि वर्गात कानात बोळे घालावेत. बंद खोलीत जेंबेचा आवाज फार मोठा होतो.

मला आधी कुकू हा ताल दिला. मूळचा गिनीच्या दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यातला, मासेमारीहून परतणाऱ्या बायकांच्या नाचाचा. मग कासा, शेतातल्या कापणीच्या कामाला सोबत करणारा. हे संदर्भ माहीत असले की ताल नुसता पाठांतराचा विषय राहत नाही. पूर्वी जेंबे पुरुषच वाजवत; आता कोनाक्रीत बायकाही वाजवतात, आणि वर्गात माझ्याकडे कुणी नवलाने पाहिलं नाही.

शहरात शिकवणारे इतके का, याचं उत्तर इतिहासात आहे. फोदेबा केईता यांनी पॅरिसमध्ये उभा केलेला 'ले बाले आफ्रिकँ' १९५८ च्या स्वातंत्र्यानंतर गिनीचा राष्ट्रीय नृत्यसंच झाला. फामुदू कोनाते तिथले एकल जेंबेवादक. जोलिबा या दुसऱ्या राष्ट्रीय संचातले ममादी केईता पुढे युरोपात गेले आणि १९९१ मध्ये त्यांनी ब्रसेल्सला शाळा काढली. मंचासाठी तालांचे छोटे तुकडे एकापुढे एक जोडले गेले, तिन्ही दुनुन उभे ठेवून एकच वादक ते वाजवू लागला. ती शैली दिमाखदार आहे, मलाही आवडते. तरी नवशिक्याने आधी गावाकडची पद्धत शिकावी असं माझं ठाम मत आहे. एका माणसाने एकच ढोल बराच वेळ वाजवत राहायचा आणि बाकीचे ऐकायचे. कान तयार होतो तो यातूनच.

पावसाळ्याची कल्पना आधीच असू द्या. कोनाक्रीचा जुलै-ऑगस्ट कोकणाला साजेसा असतो आणि कातडं मऊ पडून आवाज बसतो. गावात हलगीसारखं आगीजवळ शेकतात. शहरात दोरीच्या तिरक्या गाठी वाढवून ताण चढवतात. ते काम जाणत्याकडूनच करून घ्या, घाईत कातडं फाटतं. पाऊस संपल्यावर जास्तीचा ताण पुन्हा उतरवायचा.

वाद्य घ्यायचं ते उशिरा घ्या. लेंकेसारख्या जड लाकडाचा, आत नीट कोरलेला आणि तोंडाची कड गोल घासलेला बघा. कड टोकदार असेल तर हात सोलवटतो. बाजारातले रंगवलेले छोटे जेंबे शोभेचे आहेत. आणि पुण्या-मुंबईत किंवा परदेशात वर्ग शोधत असाल तर पैसे भरण्याआधी एकदा जाऊन बघा की तिथे तिन्ही दुनुन आहेत का, आणि नवशिक्यांना ते वाजवू देतात का. नुसतेच जेंबे गोल मांडून बसवत असतील तर मी तिथे नाव घालणार नाही.