‘कॅट्स’ (२०१९): सोंग न वठलेला सिनेमा

गोव्यात शिगम्याच्या उत्सवात डिचोली-सत्तरीकडची घोडेमोडणी ज्याने पाहिली आहे, त्याला ‘कॅट्स’ हे संगीत नाटक काय चीज आहे ते पटकन कळेल. कमरेला लाकडी घोडा बांधलेला गडी एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन ढोल-ताशांवर पुढेमागे नाचतो. त्याचे माणसाचे पाय सगळ्यांना दिसत असतात, तरी घोडेस्वार आले हे सगळा गाव मानतो. काल्याच्या लोकनाट्यातला संकासुर राक्षस असाच येतो, आणि पूर्वी मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर स्त्रीभूमिकेत उभे राहत तेव्हाही प्रेक्षक असंच मानत. दाखवणारा थोडं दाखवतो, उरलेलं बघणारा स्वतः भरून काढतो. ‘कॅट्स’ नाटक या देवघेवीवर उभं आहे. टॉम हूपर यांच्या सिनेमाने बघणाऱ्याचं काम संगणकाकडे दिलं, आणि त्यातले बहुतेक दोष तिथून सुरू होतात.

नाटकाबद्दल थोडक्यात. टी. एस. एलियट यांनी मांजरांवर लिहिलेल्या कवितांचं पुस्तक १९३९ साली आलं. अँड्र्यू लॉइड वेबर यांनी त्यांना चाली दिल्या, ट्रेव्हर नन यांनी दिग्दर्शन केलं, नृत्यं जिलियन लिन यांची, नेपथ्य आणि वेशभूषा जॉन नेपियर यांची. पहिला प्रयोग ११ मे १९८१ रोजी लंडनच्या न्यू लंडन थिएटरात झाला. मांजराच्या नजरेतून मोठा दिसावा असा भंगाराचा ढीग रंगमंचावर होता आणि नट प्रेक्षकांच्या रांगांमधून सरपटत येत. अंगाला चिकटलेला, हाताने रंगवलेला पोशाख, याकच्या केसांचे टोप, पोटऱ्यांवर लोकरी लेगवॉर्मर आणि चेहऱ्यावर रंगरेषा, एवढ्या सामग्रीवर हे नाटक लंडनमध्ये २१ वर्षं चाललं. तिथे ८,९४९ प्रयोग झाले, न्यूयॉर्कला ७,४८५.

सिनेमात नटांनी हालचाल टिपण्यासाठी ठिपके लावलेले पोशाख घालून काम केलं आणि त्यांच्या अंगावरची लव, कान, शेपूट हे सगळं नंतर संगणकावर चढवलं. कल्पना ऐकायला बरी वाटते, पडद्यावर मात्र ती अर्धवट आहे. अंगभर लव आहे, पण तळहात आणि पावलं बऱ्याच ठिकाणी माणसाचीच आहेत. चेहरा नटाचा, त्याभोवतीचं डोकं संगणकाचं, आणि मान जोरात वळली की चेहरा डोक्यावरून किंचित सरकल्यासारखा दिसतो. पावलाखाली पडणारी सावली जिथे नीट बसलेली नाही, तिथे मांजर जमिनीला न टेकता तिच्यावरून घसरत जातं. शेपटी आपल्याच लयीत हलते, कण्याशी तिचा संबंध जाणवत नाही. रंगमंचावर शेपूट म्हणजे कापडाचा एक तुकडा असायचा. नट तो हातात धरून फिरवायचा आणि आपण तो खरा मानायचो, कारण त्याच्यामागे माणसाचा हात होता.

कपड्यांचा घोळ यातूनच झाला. सगळी मांजरं फक्त लवेत असती तर डोळे दहा मिनिटांत सरावले असते. इथे कुणी कोट घालतं, कुणी टोपी, कुणी बूट, आणि उरलेली तशीच फिरतात. एकाने कोट घातला की बाकीचे उघडे वाटू लागतात. इड्रिस एल्बा यांचा मॅकॅव्हिटी शेवटाकडे कोट उतरवतो, त्या क्षणी खलनायकाची सगळी जरब जाते. रेबेल विल्सन यांची जेनीएनीडॉट्स चेन ओढून आपली कातडी काढते तर आत दुसरा पोशाख. लव हीच कातडी असं दिग्दर्शकाने तोवर ठसवलेलं असतं, आणि ते तो स्वतःच मोडतो. तिच्याच गाण्यात माणसांच्या चेहऱ्यांची झुरळं कवायत करतात आणि ती त्यांतली काही खाते. लहान मुलांसोबत बघणाऱ्यांनी हे आधी जाणून असावं, मुलं इथे घाबरतात.

काम घाईत उरकल्याचं पडद्यावर दिसतं. जुलै २०१९मध्ये पहिली झलक आली तेव्हाच लोकांनी नाकं मुरडली होती. सिनेमा २० डिसेंबरला लागला आणि त्यानंतर काही दिवसांतच निर्मात्यांनी सुधारलेल्या दृश्यांची नवी प्रत थिएटरांना पाठवली. पहिल्या प्रतीत जुडी डेंच यांचा माणसाचा हात, बोटातल्या अंगठीसकट, तसाच राहिला होता. लागलेला सिनेमा आठवड्याच्या आत बदलावा लागणं ही मोठ्या निर्मितीत क्वचित घडणारी गोष्ट आहे. याचा दोष संगणकावर राबणाऱ्या कारागिरांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. अंगभर लवेचं काम प्रत्येक चौकटीत करायचं, तेही नाचणाऱ्या शरीरांवर, आणि चित्रीकरण संपल्यापासून वर्षाच्या आत. कुणी कितीही हुशार असलं तरी हे गणित जमणारं नव्हतं.

मापांचाही मेळ नाही. सेट मोठे बांधून नटांना मांजराएवढं दाखवायचं ठरलं, पण मांजर किती मोठं हे प्रत्येक प्रसंगात नव्याने ठरल्यासारखं वाटतं. रेल्वेच्या रुळावरून रांगेने नाचत जाताना ही मांजरं उंदराएवढी दिसतात, दुसरीकडे घरात शिरल्यावर त्यांची उंची वाढलेली असते. हे गाणं स्किंबलशँक्स या रेल्वेवरच्या मांजराचं. नाटकात याच गाण्यात मांजरं भंगारातली चाकं आणि मोडकंतोडकं सामान जोडून डोळ्यांदेखत आगगाडीचं इंजिन उभं करतात, आणि प्रेक्षागृहात हमखास टाळी पडते. सिनेमाने खरे रूळ दाखवले आणि ती टाळी गमावली.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र नृत्याबद्दल आहे. व्हिक्टोरिया या मांजरीच्या भूमिकेत फ्रान्सेस्का हेवर्ड आहेत, लंडनच्या रॉयल बॅलेच्या प्रमुख नर्तिका. स्किंबलशँक्स झालेले स्टीव्हन मॅक्रे तिथलेच. अशी माणसं हाताशी असताना कॅमेरा कमरेच्या वर राहतो. उडी सुरू होते तेव्हा पाय चौकटीत नसतात, टेकताना दुसऱ्याचा चेहरा दिसतो. नाच बघायचा तर डोक्यापासून पावलांपर्यंत शरीर दिसलं पाहिजे आणि एक हालचाल पुरी होईपर्यंत कात्री लागता कामा नये. फ्रेड अस्टेअर १९३०च्या दशकात याच गोष्टीवर अडून बसत, ते उगाच नव्हे. इथे आणखी एक नुकसान झालं आहे. लवेखाली स्नायूंचा ताण दिसत नाही, त्यामुळे एखादी गिरकी नर्तिकेने घेतली की संगणकाने, अशी शंका येते. एकदा ती आली की खऱ्या मेहनतीलाही दाद द्यायला हात उचलत नाही. नाटकातला जेलिकल बॉल म्हणजे पहिल्या अंकाचा कळस, लांबलचक समूहनृत्य, ज्यात नट घामाघूम होतात आणि तो घाम पहिल्या रांगेला दिसतो. सिनेमात त्याचे तुकडे झाले आहेत.

आपल्याकडे कला अकादमीच्या स्पर्धेतली किंवा जत्रेतली नाटकं चित्रित करणाऱ्या मंडळींनी हा सिनेमा या एका कारणासाठी जरूर बघावा. एक कॅमेरा प्रेक्षागृहाच्या मध्यावर, सगळा रंगमंच पावलांसकट दिसेल असा, शेवटपर्यंत न हलवता ठेवायचा. दुसरा बाजूने, चेहऱ्यांसाठी. संकलन करताना नाच आणि समूहगीत पहिल्यावर ठेवायचं, संवाद आणि एकट्याचं पद दुसऱ्यावर न्यायचं. हूपर यांनी जवळपास सगळीकडे दुसरा कॅमेरा वापरला, असं म्हणता येईल.

गाण्यांचं दुखणं वेगळं आहे. हूपर यांनी २०१२च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये नटांना सेटवरच प्रत्यक्ष गायला लावलं होतं आणि ते तिथे शोभलं. त्यातली पदं म्हणजे एकट्याचं मनोगत, तिथे आवाज फाटला, श्वास अडकला तरी अर्थाला धार येते. इथेही तीच पद्धत आहे, पण ‘कॅट्स’ची पदं तशी नाहीत. ती ठेक्यावर उभी आहेत, एलियट यांच्या शब्दांतले अनुप्रास आणि यमकं तालावर टणकन पडली तरच मजा. इथे नट ओळ अर्धी पुटपुटतात, अर्धी गातात, शेवटचा शब्द श्वासात विरतो आणि मांजरांची ती गमतीदार नावं कळतच नाहीत. नाट्यपद ऐकून वाढलेल्या कानाला हे लगेच खटकतं. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, ही आपल्याकडे गायकनटाची पहिली अट असते.

मंगोजेरी आणि रम्पलटीझर या चोर जोडीच्या गाण्याला लंडनच्या पहिल्या प्रयोगातली संथ चाल घेतली आहे. पुढे रंगमंचावर रुळलेली वेगवान चाल ज्यांच्या कानात आहे, त्यांना इथे गाडी चढणीला लागल्यासारखी वाटेल. चोरीची धांदल संथ चालीत उतरत नाही.

‘मेमरी’ हे ग्रिझाबेला या मांजरीचं गाणं जेनिफर हडसन गातात. त्यांच्या गळ्यात ताकद आहे यात शंका नाही. पण कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याला चिकटतो, अश्रूंबरोबर नाकही वाहताना दिसतं, आणि पट्टी बदलून सूर वर चढतो तेव्हा तो आवाज पसरायला चौकटीत जागाच उरत नाही. नाटकात ग्रिझाबेला एकटी असते, भोवती मोकळी जागा आणि लांब उभी राहिलेली जमात. तिला वाळीत टाकलं आहे हे त्या अंतरातून कळतं. सिनेमात तेच दिसत नाही. भरीला, या गाण्याचा पहिला तुकडा संपतो न संपतो तोच व्हिक्टोरियाला एक नवं गाणं दिलं आहे, टेलर स्विफ्ट यांचे शब्द आणि वेबर यांची चाल. गाणं वाईट नाही, जागा चुकली आहे. ग्रिझाबेलाच्या दुःखाला थोडा वेळ शांतता हवी होती.

कथेबद्दल लोकांची तक्रार असते की ‘कॅट्स’ला कथाच नाही. खरंच फारशी नाही. एका रात्री मांजरं जमतात, प्रत्येकाची ओळख गाण्यातून होते, पहाटे एकाची नव्या जन्मासाठी निवड होते. गोव्यातल्या प्रेक्षकाला यात अडचण वाटण्याचं कारण नाही. तियात्रात, म्हणजे कोंकणी संगीत नाटकात, दोन पडद्यांच्या (प्रवेशांच्या) मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, येतात, त्यांचा कथेशी संबंध नसतो, आणि लोक त्यांचीच वाट बघतात. सिनेमावाल्यांना मात्र गाण्यांची ही माळ पुरेशी वाटली नाही. त्यांनी मॅकॅव्हिटीला स्पर्धकांना पळवून थेम्स नदीतल्या बोटीवर डांबण्याचं काम दिलं. परिणाम असा की एक मांजर आपलं गाणं पुरं करतं न करतं तोच गायब होतं. गाणं संपल्यावर त्या पात्राला जी दाद, जो एक क्षण मिळायचा, तो गेला. शेवटी जुडी डेंच थेट कॅमेऱ्यात बघून, मांजराशी कसं वागावं ते सांगतात. नाटकात समोर जिवंत माणसं बसलेली असतात म्हणून ते बोलणं गोड लागतं. पडद्यावर तेच उपदेशासारखं येतं, आणि लांबतं.

चांगलं काय आहे तेही सांगायला हवं. इयन मॅकेलन यांचा म्हातारा नट गस हा सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग आहे. ते गाणं जवळजवळ बोलतात, पण शब्द न् शब्द ऐकू येतो, आणि आयुष्य रंगमंचावर काढलेला माणूस मागच्या भूमिका आठवतो तेव्हा लवेकडे लक्षच जात नाही. मॅक्रे यांचा टॅप नाच रुळांवर जाण्याआधीपर्यंत उत्तम आहे. बुटांचा ठोका कानाला पटतो, म्हणून शरीरही जमिनीवर असल्यासारखं वाटतं.

हा सिनेमा भाड्याने घेऊन बघणार असाल तर इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, त्याशिवाय निम्मे शब्द हातून जातील. एक तास पन्नास मिनिटं सलग बघण्यापेक्षा गस आणि स्किंबलशँक्सची गाणी तेवढी बघितली तरी चालेल. पाचपैकी दीड तारा, तो या दोघांना.

‘कॅट्स’ पहिल्यांदाच बघत असाल तर सिनेमापासून सुरुवात करू नका. लंडनच्या अडेल्फी थिएटरात या नाटकाचं चित्रण झालं, डेव्हिड मॅलेट यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि ते १९९८ साली प्रसिद्ध झालं, ते शोधा. १९८१च्या पहिल्या संचातल्या इलेन पेज त्यात ग्रिझाबेला आहेत. मुळात ही भूमिका जुडी डेंच करणार होत्या, पण तालमीच्या काळात पायाला दुखापत झाली आणि ती पेज यांच्याकडे आली. गसच्या भूमिकेत त्यात जॉन मिल्स आहेत. चेहऱ्यावरचा रंग आणि टोपाची कड स्पष्ट दिसते, कुणी काही लपवलेलं नाही. आधी तिथला जेलिकल बॉल बघा, मग सिनेमातला. नाच चौकटीत किती वेळ पुरा दिसतो एवढंच मोजा.